हल्ली मुक्काम सुरत

सुरतेत लिंबायत भागातल्या आमच्या मराठी शाळेत दर जूनमध्ये एक तक्ता भरावा लागे. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय आणि त्याखाली एक रकाना : 'वतन'. गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव, इतकाच त्याचा साधा अर्थ. मी तिथे न चुकता 'तालुका चाळीसगाव, जिल्हा जळगाव' असे लिहीत असे. त्या गावी मी तोवर एकदाही गेले नव्हते.

पुढे इतिहासाच्या वर्गात मराठी वतनसंस्था शिकले. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. वंशपरंपरेने चालत आलेले हक्क आणि त्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने संपली, पाटीलकीचा कायदा १९६२ चा. हे वाचताना शाळेतला तो रकाना आठवून हसू आले. आमच्या घराकडे मराठी अर्थाचे वतन कधीच नव्हते. होती ती तीन एकर कोरडवाहू जमीन, आणि तीही गेलेली.

या धाग्यावर आपण राजघराण्यांच्या वंशावळी आणि सरदारांच्या सनदा वाचत आलो आहोत. आज ज्या घराची गोष्ट सांगते आहे त्याला सनद नाही. तरीही ती इतिहासाचीच गोष्ट आहे, असे मी स्वतःला बजावून लिहिते आहे.

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन सालेच आठवतात. सुरत म्हणजे लूट. आमच्या घरात सुरत म्हणजे लूम, बारा तासांची पाळी आणि कानात कायमचा बसलेला खडखडाट. वास्तविक खानदेश आणि सुरत यांचे नाते या दोन्हींहून जुने. तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरचा माल सुरतेच्या बंदरात जाई. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो सुरतेहून नंदुरबारच्या वाटेनेच बुऱ्हाणपूरला गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशी कापसाला एकाएकी भाव आला. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग चाळीसगावावरून भुसावळकडे गेला. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत पोचली आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला. कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या या रुळांवरून पुढे माणसे गेली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज अहिराणी ऐकू येते ती त्यामुळे.

मात्र या माणसांची नोंद कुणी ठेवली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसाचे नाव, वय, गाव, जहाज, सारे कागदावर उतरले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे आहेत आणि त्यांच्या आधारे आज पाचव्या-सहाव्या पिढीची मुले आपले गाव शोधत येतात. लंडनमध्ये वाढलेली बांगलादेशी मुले सिल्हेटला जातात तेव्हा त्यांच्या हाती निदान आजोबांचे पारपत्र असते. समुद्र ओलांडणाऱ्याला सरकारने मोजले. पॅसेंजर गाडीचे तिकीट काढून जळगावहून सुरतेला गेलेल्या माणसाचे तिकीट फाटकावर काढून घेतले गेले आणि तिथेच त्याचा पुरावा संपला.

माझे आजोबा, घरात आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १९७३ च्या उन्हाळ्यात असेच गेले. १९७२ च्या दुष्काळाविषयी तुम्ही वाचले असेल. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. हे सारे मी पुस्तकांत वाचण्याआधी मोठ्या मायकडून, म्हणजे आजीकडून ऐकले होते. मिलोची भाकरी तव्यावरच फुटते, हे कोणत्याही अहवालात सापडले नाही. आबा आधी एकटे गेले. एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे मिळून दहा जण. एक उठला की त्याच्या अंथरुणावर दुसरा. मोठी माय माझ्या वडिलांना कडेवर घेऊन तीन वर्षांनी गेली.

यानंतरचा भाग आमच्या घरी जवळजवळ पोथीसारखा सांगितला जाई. आबांचे धाकटे भाऊ गावातच राहिले. सारे गाव त्यांना जिभाऊ म्हणते. मोठ्या मायच्या सांगण्याप्रमाणे आबा सुरतेत असताना जिभाऊंनी त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि 'निंबनं वावर', बांधावर कडुनिंब असलेले ते शेत, आपल्या नावावर केले. वडिलांना हे असेच ठाऊक होते, मलाही. आबांना याविषयी कधी कुणी विचारल्याचे आठवत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा आमच्या खोलीतली पत्र्याची पेटी पाण्याखाली गेली आणि होते नव्हते ते कागद लगदा होऊन निघाले. चाळीसगावच्या तितूर नदीचे पाणी गिरणेत जाते, गिरणेचे तापीत, तापीचे उकाईत. गावच्याच पाण्याने गावचे कागद नेले, असे आबा तेव्हा म्हणाले होते. पुढच्या वर्षी तेही गेले.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी खानदेशी यंत्रमाग कामगारांचे स्थलांतर हा विषय घेतला, तेव्हा मार्गदर्शकांनी विचारले, "सुरतेतल्या मुलाखती झाल्या. निघाले ते गाव कधी पाहणार?" हा प्रश्न मी टाळत होते. अखेर गेल्या वैशाखात सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीत बसले. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. जळगावला गाडी बदलून पाचोऱ्यावरून चाळीसगाव.

स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांची वास्तू आहे. इंग्लंडात कलाशिक्षण घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावी परतले आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते घर क्वचितच सोडले. गाव सोडून परतलेला माणूस उंबऱ्याआडच राहतो याचे मला त्या दिवशी नवल वाटले नाही. मीही फलाटावर अर्धा तास बसूनच होते.

गावात पहिला प्रश्न आला तो पारावर बसलेल्या एका वृद्धेकडून : "कोनी पोर शे तू?" तू कोणाची मुलगी? मी वडिलांचे नाव सांगितले, मग आबांचे. मी बोलू लागले तशी ती हसू लागली. मला वाटले, सुरतेची अहिराणी बिघडलेली असणार. पण कारण उलटे होते. मी मुलीला 'आंडेर' आणि मुलाला 'आंडोर' म्हणत होते, मोठी माय म्हणते तसे. तिथे जमलेल्या शाळकरी मुलांना ते शब्द ऐकून गंमत वाटत होती. त्यांच्या घरांत आता 'मुलगा-मुलगी' आले आहेत. म्हातारी म्हणाली की तिची सासू असे बोलायची.

भाषेच्या अभ्यासकांना हे नवे नाही. स्थलांतरित माणूस ज्या वर्षी निघतो त्या वर्षीची भाषा बरोबर नेतो, आणि पुष्कळदा ती तशीच राहते. ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ मध्ये, खानदेशी ही भिल्ली भाषांच्या सोबत मांडली. तिच्यातल्या 'शे'चे गुजराती 'छे'शी असलेले साम्य कानाला सहज जाणवते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते. त्या आकड्यात मोठी माय असेल का, याची शंका आहे. प्रगणक आला की ती 'मराठी' सांगते. अहिराणी ही 'भाषा' म्हणून सांगायची असते, हे तिला कधी कुणी सांगितलेच नाही.

जिभाऊंच्या ओट्यावर पोचले तेव्हा ते सुतळी वळत होते. वय शहात्तरच्या पुढे. "ये माय, बठ," म्हणाले, आणि पाणी आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मुलाखतीचा फोन काढला. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : सुरतेत माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे, तू शिकलेली आहेस, आधी कागद पाहून ये, मग बोलू.

इथे माझ्यातली विद्यार्थिनी आणि नात यांचे भांडण सुरू झाले. विद्यार्थिनीला साधन मिळाले होते. नातीला ते नको होते.

जमिनीचा कागद काढणे हे ज्यांनी केले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. सातबारा उतारा आज कोण मालक आहे ते सांगतो. तो मालक कसा झाला हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. खरेदी, वारस, गहाण, वाटणी, प्रत्येक बदलाला क्रमांक. अडचण अशी की एकत्रीकरणाच्या योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि माझ्याजवळ तर तोही नंबर नव्हता, नुसते 'निंबनं वावर' होते. जिभाऊंच्या आजच्या उताऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून एकेक पायरी मागे जावे लागले. अशा नोंदवह्यांना आजकाल मागणी आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे 'कोतवाल बुक' आणि 'मोडी' हे शब्द घरोघरी पोचले आहेत. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ पणजोबांची जात शोधत होते, मी आजोबांचा अंगठा.

अंगठा सापडला नाही. १९७१ मध्ये त्या तीन एकरांवर गहाणाची नोंद होती, घेणारा जवळच्या बाजारपेठेतला एक व्यापारी. १९७३ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने तीच जमीन त्याच व्यापाऱ्याला विकल्याचा फेरफार, आणि खाली आबांची सही. ओबडधोबड पण स्वच्छ देवनागरी, शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब ओढलेली. ती वेलांटी मी लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे. त्यानंतर १९८१ : त्या व्यापाऱ्याकडून जिभाऊंनी जमीन विकत घेतल्याचा फेरफार. भावाकडून भावाकडे जमीन गेलीच नव्हती. मध्ये आठ वर्षे ती तिसऱ्याची होती.

फेरफार किती थोडे सांगतो हेही त्याच दिवशी कळले. त्यात दुष्काळ नाही. विहीर कधी आटली, बैल किती किमतीला गेले, सही करताना आबा काय म्हणाले, यांतले काहीच नाही. १९८१ मध्ये पैसे कोठून आले हेही नाही. ते जिभाऊंनी नंतर सांगितले. बायकोच्या पाटल्या आणि एक बैलजोडी. वाडवडिलांचे वावर परक्याच्या नांगराखाली पाहवत नव्हते, म्हणून. आबांना त्यांनी पत्र टाकले होते की नाही यावर मात्र त्यांचे उत्तर दोन भेटींत दोन प्रकारचे आले. एकदा टाकले म्हणाले, एकदा टाकणार होतो म्हणाले. मी दोन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवली आहेत.

दुसरे साधन नाशिकला मिळाले. आमच्याकडचे लोक अस्थी घेऊन रामकुंडावर जातात आणि तिथले क्षेत्रोपाध्ये गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे यजमानांच्या वह्या ठेवतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गाव सांगितले, आडनाव सांगितले. गुरुजींनी लाल कापडातले एक लांबट बाड काढले, पाने उलटली आणि बोट ठेवले. १९७९. आईच्या अस्थी घेऊन दोघे भाऊ आले होते. वडिलांचे, आजोबांचे नाव, मुलांची नावे, आणि आबांच्या नावापुढे बारीक अक्षरात : हल्ली मुक्काम सुरत. खाली दोघांच्या सह्या, एकाखाली एक.

म्हणजे जमीन विकल्यानंतर सहा वर्षांनी दोघे भाऊ एका गाडीने नाशिकला आले होते. वैर नंतरचे. १९८१ नंतर कोणीतरी सुरतेत येऊन सांगितले असेल की वावर आता जिभाऊच्या नावावर आहे, आणि त्या एका खऱ्या वाक्याभोवती आमची पोथी रचली गेली असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

१९९४ चा प्रसंग मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि शहरातून माणसांचे लोंढे निघाले. गाड्या, ट्रक, मिळेल ते. आबा, मोठी माय आणि बाविशीतले माझे वडील गावी आले. मोठी माय सांगते : जिभाऊने घरात घेतले नाही, मळ्यातल्या खोपीत ठेवले, जनावरांसारखे. जिभाऊ सांगतात : गावाने वेशीवर अडवले होते. सुरतेहून आलेल्यांनी वस्तीबाहेर राहायचे ठरले. मी माझ्या वावरातली खोप दिली, कॅप्सूल आणून दिल्या, दोन वेळचा डबा बांधावर ठेवला. ते वावर निंबाचेच होते. बारा दिवस आबा स्वतः विकलेल्या जमिनीवर झोपले. त्या बारा दिवसांत दोघा भावांत काय बोलणे झाले, मी जिभाऊंना विचारले. "काही नही," ते म्हणाले. मोठ्या मायचे उत्तरही हेच आहे. दोन साक्षी जुळतात अशी ही एकच गोष्ट.

श्रावणात पुन्हा गेले, कानबाईसाठी. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. सुरतेतही बसते, आमच्या गल्लीत तर मांडव पडतो. पण तिथे कानबाई गल्लीची, इथे ती कुळाची. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेर जात नाहीत. जिभाऊंची थोरली सून सुपात मुठी टाकत होती आणि जिभाऊ एकेक नाव घेत होते. मी मोजत होते; मोजण्याची सवय लागली आहे. घरात पुरुष पाच. मुठी आठ पडल्या.

सहाव्या मुठीला त्यांनी माझ्या वडिलांचे नाव घेतले होते. सातव्या-आठव्याला काकांचे आणि माझ्या धाकट्या भावाचे. भावाचे नाव त्यांना कोणी कळवले हे मी अजून शोधते आहे. कधीपासून, असे विचारले तर त्यांना प्रश्नच कळला नाही. आबा होते तोवर त्यांचीही मूठ पडत असे. म्हणाले, "सुरतले गयात, कुळ सोडीसन नही गयात." सुरतेला गेले, कुळ सोडून गेले नाहीत.

माझी मूठ अर्थातच नव्हती. मुलींची नसते. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या मोटारसायकलवरून पाटणादेवीला गेले तेव्हा हेच मनात होते. तिथला शिलालेख इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो : शके ११२८ चा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या देणगीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या दगडावर आहेत, सगळे पुरुष. मला त्याचा शेवट अधिक आवडतो. तिथे संस्कृत थांबते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता बाजारातल्या मालावरच्या कराची, घाण्यामागे द्यायच्या तेलाची गोष्ट आहे आणि ती तेल्याला, वाण्याला कळली पाहिजे. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखाली घाणा चालवणाऱ्याचे नाव दगडावर नाही. त्याने द्यायचे तेल मात्र आहे.

सुरतेला परतल्यावर आठ दिवस मी मोठ्या मायला काही सांगितले नाही. वडिलांना सांगितले. ते म्हणाले, आता या वयात तिला कशाला. आई म्हणाली, सांग. प्रबंधात मी हे प्रकरण 'एक कुटुंब, चाळीसगाव तालुका' अशा नावाने लिहू शकते, कुणाला कळणारही नाही. पण जिची मुलाखत घेतली तिच्या पाठीमागे तिचे म्हणणे खोडायचे, हे मला जमेना.

एका दुपारी फेरफाराच्या नकला तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले, १९७१, १९७३, १९८१. मग वहीतल्या पानाचा फोटो. तिने १९७३ ची नक्कल हातात घेतली आणि सहीवरून बोट फिरवले.

"अंगठा नही?"

"नही."

खूप वेळाने तिने विचारले की बांधावरचा निंब आहे का. आहे, मी म्हणाले, एक फांदी वाऱ्यात गेली. तिने सगळे कागद गोळा केले, नीट घडी घातली आणि पुरानंतर घेतलेल्या नव्या पेटीत रेशनकार्डाखाली ठेवले. मला परत दिले नाहीत. प्रबंधासाठी दुसऱ्या नकला काढाव्या लागणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत असताना तिने विचारले, चाळीसगावला जायचे तर आता गाडी कुठे बदलावी लागते.

जळगावला, मी सांगितले.

"पहिलेबी जळगावलेच," ती म्हणाली.